आठवी-नववीत ड्रॉइंग घेताय? मग पाठ केलेलं चित्र आधी विसरा

मला शाळेत असताना इंटरमिजिएटला, म्हणजे ड्रॉइंगच्या शासकीय परीक्षेला, सी ग्रेड मिळाली होती, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे मी जे काही शहाणपण शिकवणारे ते कुठून आलंय ते कळेल. झालं असं की आमच्या क्लासमध्ये स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवून काढायच्या चित्रासाठी, तीन चित्रं तयार करून दिली होती, एक बाजार, एक सण आणि एक पाऊस, आणि सांगितलं होतं की पेपरला काहीही आलं तरी यातलंच एक फिरवून काढायचं. मी दोन महिने घोटून घोटून ती तीन चित्रं पाठ केली. पेपरला आला बसस्टॉप. मग काय, बाजारातली डोक्यावर पाटी घेतलेली बाई उचलली आणि बसस्टॉपवर नेऊन उभी केली. अर्ध्या तासाने सहज शेजारी बघितलं तर शेजारणीच्या कागदावर तीच बाई, तीच पाटी, पाटीतली वांगीपण तीच. पुढच्या रांगेतल्या पोराकडेही तीच. आम्ही अख्ख्या हॉलभर एकाच बाईला बसस्टॉपवर उभं केलं होतं.

नंतर मी एटीडी केलं, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, आणि आता नाशिकच्या सिडकोत शनिवार-रविवार आसपासच्या पोरांचं ड्रॉइंग घेते. दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी आई पोराला घेऊन येते आणि विचारते, मॅडम, ग्रेडचे मार्क मिळतील ना? म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पोरांसाठी आणि त्यांच्या आयांसाठीपण.

आधी मार्कांचं उरकून घेऊ

स्टेट बोर्डाच्या शाळांमधून जी शासकीय रेखाकला परीक्षा देतात तिचे दोन टप्पे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. बहुतेक शाळांत सातवी-आठवीत पहिली आणि आठवी-नववीत दुसरी देतात. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. फॉर्म शाळेतूनच भरला जातो त्यामुळे शाळा सुरू झाली की ड्रॉइंगच्या सरांच्या मागे लागायचं, आणि दहावीत गेल्यावर सर्टिफिकेटची झेरॉक्स वेळेत ऑफिसात द्यायची. हे सर्टिफिकेट घरी कपाटात राहिलं म्हणून गुण गेलेली पोरं मी बघितलीयेत, तेव्हा लॅमिनेशन करून भिंतीला लावायच्या आधी दोन झेरॉक्स काढा.

सीबीएसईवाल्यांचं वेगळं. त्यांना पेंटिंग हा अख्खा विषयच घेता येतो, कोड 049, अकरावी-बारावीला 30 गुणांची थिअरी आणि 70 गुणांचं प्रॅक्टिकल. बारावीच्या थिअरीत राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी लघुचित्रं, बंगाल स्कूल आणि मग आधुनिक चित्रकार असं सगळं येतं. हाताचं काम मात्र दोन्हीकडे सारखंच, म्हणून पुढचं सगळ्यांनाच लागू आहे.

आणि हो, फक्त 7 मार्कांसाठी करत असाल तर खरं सांगते, तेवढ्याच वेळात गणिताचे दोन धडे पक्के केले तर जास्त मिळतील. मनापासून हात शिवशिवत असेल तरच या.

सामान

दुकानात गेलं की चोवीस रंगांचा मोठा बॉक्स दाखवतात, घेऊ नका. कॅमलचा बारा रंगांचा वॉटरकलरचा सेट आणि डिझाइनसाठी पोस्टर कलर, बास. त्यातही हिरवा कधी थेट बाटलीतला वापरू नका, पिवळ्यात निळा घालून बनवा, नाहीतर सगळी झाडं प्लास्टिकची दिसतात. ब्रश गोल 2, 6 आणि 10 नंबर आणि एक चपटा. पेन्सिली एचबी, 2बी, 4बी, 6बी आणि भूमितीसाठी एक 2एच. खोडरबर चांगला घ्या, कारण स्वस्तातला रबर कागद खरवडतो आणि तिथे रंग लावला की डाग उठतो. कागद घरी सरावाला कार्ट्रिज, अख्खा इंपीरियल 22 बाय 30 इंच असतो, त्याचे चार तुकडे केले की 11 बाय 15 चा पाव होतो, त्यावरच सराव करा. छोट्या वहीत काढायची सवय लागली की परीक्षेत पोरं मोठ्या कागदाच्या मधोमध लिंबाएवढा तांब्या काढून ठेवतात आणि उरलेल्या पांढऱ्या जागेकडे बघत बसतात.

एक स्केचबुक मात्र वेगळं हवं, स्वस्तातलं, जे खराब झालं तरी जिवाला लागणार नाही असं. खरा अभ्यास त्यात होतो.

वस्तुचित्र: तांब्या, कांदा, द्राक्षं

एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र. समोर वस्तू मांडलेल्या असतात, पोरं भोवती बसतात आणि आपण जिथे बसलोय तिथून जसं दिसतं तसं काढायचं. यात पाठांतराला जागाच नाही, तरीपण लोकं पाठ करतात. मडकं म्हटलं की हात आपोआप तेच मडकं काढतो जे पाचवीपासून काढतोय.

सगळ्यात जास्त चुका गोल तोंडाच्या भांड्यात होतात. तांब्याचं तोंड वर गोल असतं हे आपल्याला *माहितीये*, म्हणून आपण ते गोल काढतो आणि बूड टेबलावर सपाट टेकलंय हे माहितीये म्हणून बुडाला सरळ रेघ मारतो. दोन्ही चूक. घरातला तांब्या घ्या आणि उभाच धरून त्याचं तोंड अगदी डोळ्यांच्या उंचीवर आणा, तोंडाची नुसती एक रेघ दिसेल. आता हळूहळू खाली न्या, रेघेची लंबगोल फट होते, अजून खाली न्या, ती उघडत जाते. म्हणजे डोळ्याच्या पातळीपासून जेवढं खाली तेवढं जास्त गोल. मग टेबलावरच्या तांब्याचं बूड हे तोंडापेक्षा जास्त खाली असतं ना, म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा *जास्त* फुगीर यायला हवी. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा पेपर सुटला. आणि लंबगोलाच्या दोन टोकांना टोक काढू नका, तो मासा नाहीये, टोकालासुद्धा तो वळतो.

मापासाठी पेन्सिल हात सरळ ताणून धरा, एक डोळा मिटा, अंगठ्याने तांब्याची रुंदी धरा आणि ती उंचीत किती वेळा बसते बघा. हात वाकला की माप बदलतं. पोरांना हे करताना लाज वाटते, सिनेमातला चित्रकार झाल्यासारखं वाटतं म्हणे. वाटू दे.

जुन्या नाशकात तांबट आळीत एकदा जाऊन या, तांब्या-पितळेची भांडी बघायला. घरातल्या स्टीलच्या भांड्यापेक्षा पितळ रंगवायला सोपं आणि शिकवणारंही, कारण त्यात उजेड कसा तुकड्यातुकड्यांनी पडतो ते नीट दिसतं. पितळ म्हणजे पिवळा रंग नव्हे. एकदम पांढरा ठिपका, त्याच्या अगदी शेजारी गडद तपकिरी, मग पिवळा, मग कडेला शेजारच्या कापडाचा रंग परत आलेला. कडा कडक ठेवायच्या, घासून मऊ केलं की पितळेचं मडकं होतं. मातीच्या मडक्याचं नेमकं उलट, तिथे उजेडाकडून सावलीकडे हळूच सरकत जायचं, चकाकणारा ठिपका नकोच.

कांदा हा माझा आवडता. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, घरात पोतंभर पडलेले असतात, फुकटचं मॉडेल. कांद्यावरच्या रेषा मानेपासून निघतात, पोटावर फाकतात आणि खाली मुळाशी परत एकत्र येतात. त्या रेषा सरळ मारल्या तर कांदा चपटा होतो, गोलाईवरून फिरवल्या तर रंग न लावताही गोल दिसतो. एक सालपट थोडं सुटलेलं ठेवा, त्याच्या खालची बारीक सावली काढली की चित्र जिवंत होतं.

द्राक्षांचा घड मांडला की पोरं पस्तीस गोल काढतात, एकसारखे. घड आधी एक आकार म्हणून बघा, वरती रुंद, खाली निमुळता, एका बाजूला उजेड एका बाजूला अंधार. मग पुढचे सहा-सात मणी नीट काढा आणि मागचे नुसते सुचवा. द्राक्षाची गंमत अशी की ते आरपार असतं, त्यामुळे उजेड डावीकडून आला तर डावीकडे छोटा चमकदार ठिपका आणि *उजवीकडे* आतून उजळल्यासारखं दिसतं, चेंडूसारखी उजवीकडे काळी सावली येत नाही. खिडकीपाशी एक मणी धरून बघा, मी सांगतेय म्हणून मान्य करू नका. ताज्या द्राक्षावर पांढरट थर असतो तो पण दिसेल, बोट लागलं की तिथला जातो.

मागचं कापड शेवटी रंगवू अशी आशा ठेवू नका, वेळ संपतो. सुरुवातीलाच सगळीकडे पातळ रंग फिरवून कागदाचा पांढरेपणा घालवा, जिथे चमक हवी तेवढंच पांढरं सोडा, मग फिक्याकडून गडदकडे या.

काळा रंग

हे वेगळं लिहितेय कारण प्रत्येक बॅचला सांगावं लागतं. सावली म्हणजे काळा नाही. विश्वास नसेल तर पावसाळ्यात एकदा काळाराम मंदिरात जा. नाव काळाराम, दगड काळा, सगळं खरं, पण ओला झाल्यावर त्या भिंतीकडे दहा मिनिटं बघा. वरती आभाळाचा निळसर, खाली शेवाळाचा हिरवट, उंबऱ्यापाशी माणसांचे पाय घासून घासून करडा. काळा कुठेच नाही. घरी येऊन निळा आणि तपकिरी मिसळून तो रंग बनवायचा प्रयत्न करा आणि काळ्याची ट्यूब धाकट्या भावाला देऊन टाका.

स्मरणचित्र, म्हणजे माझं दुखणं

स्मरणचित्र म्हणजे आठवून काढायचं चित्र. नावातच आहे, *स्मरण*. तुमचं स्मरण, क्लासचं नाही. प्रश्नात तीन-चार विषय देतात, त्यातला एक निवडायचा. माणसं किती हवीत असं काही लिहिलेलं असेल तर ते नीट वाचा, मोजून तेवढी तरी दिसलीच पाहिजेत.

तपासणाऱ्याच्या जागी बसून बघा. समोर चारशे कागद. त्यातल्या तीनशे कागदांवर दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, नारळाचं झाड, अरे नाशकात नारळाची झाडं कुठल्या नदीकाठी आहेत बाबांनो? गोदावरीवर जा ना एकदा. रामकुंडापासून चालत खाली नारोशंकराच्या देवळापर्यंत या, एवढ्या तुकड्यात दहा वर्षं पुरतील एवढी चित्रं आहेत. पायऱ्यांवर कपडे वाळत घातलेल्या बायका, मुंडण करून बसलेले लोक, पाण्यात उड्या मारणारी पोरं, छत्री लावून बसलेले गुरुजी. बुधवारी बाजार भरतो तेव्हा जा, तराजूवाला वाकतो कसा, पिशवी धरलेली बाई एका बाजूला किती कलते, ते बघा. जड पिशवी उजव्या हातात असली की अंग डावीकडे झुकतं. असलं काहीतरी एक जरी चित्रात आलं की तपासणारा थांबतो.

पुराचं घ्या. नाशिकमध्ये पूर किती आला हे कोणी फुटात सांगत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागला का छातीला का गळ्यापर्यंत आला असं सांगतात. आणि होळकर पुलावर बघ्यांची ही गर्दी. पावसाळा किंवा पूर असा विषय आला तर याच्यापेक्षा भारी चित्र कुठलं? पुढे पुलाच्या कठड्याला टेकलेली चार-पाच माणसं पाठमोरी, मध्ये गढूळ पाणी, पाण्यात अर्धा मारुती, पाठीमागे देवळांचे कळस. पाठमोरी माणसं काढायला सोपी पण असतात, चेहरे काढावे लागत नाहीत, हे आपल्यातच राहू द्या.

सण आला तर सगळे गणपती विसर्जन काढतात. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडी उघडतात, पेशव्यांच्या काळापासूनचे ते जमिनीतले हौद, आणि त्यात लोक धप्पकन उडी मारतात. मुंबई-पुण्याच्या पोरांना हे माहितीच नसतं. हवेत असलेला माणूस, काठावर गर्दी, एकाच रंगाचं पाणी सगळ्यांच्या अंगावर, म्हणजे रंगसंगतीपण आपोआप जमली.

पण हे परीक्षेच्या दिवशी आठवणार कसं? त्यासाठी ते स्वस्तातलं स्केचबुक. रोज वीस मिनिटं. सीबीएसवर, म्हणजे सेंट्रल बस स्टँडवर, बसा, बसची वाट बघणारी माणसं हा जगातला सगळ्यात चांगला फुकट क्लास आहे कारण ती फार हलत नाहीत. एका माणसाला एक मिनिट द्यायचं, त्यापेक्षा जास्त नाही. डोळे-नाक काढायचं नाही. आधी पाठीची रेघ, मग खांद्याची, मग कमरेची तिरकी रेघ, मग वजन कुठल्या पायावर आहे ते. वजनाचा पाय बरोबर मानेच्या खाली येतो, नाही आला तर माणूस पडतोय असं दिसतं. मोठ्या माणसाची उंची साधारण त्याच्या डोक्याच्या सात ते साडेसात पट, लहान पोराची पाच-सहा पट. पोरं लहान मूल काढताना मोठा माणूस झेरॉक्सवर छोटा केल्यासारखा काढतात, म्हणून ते बुटका माणूस दिसतं.

मग घरी आल्यावर, आणि हे कोणीच करत नाही, स्केचबुक बंद करून त्यातलाच एक माणूस आठवणीतून परत काढायचा. मग उघडून बघायचं काय विसरलो. पहिल्या आठवड्यात फार वाईट निघतं. माझ्याकडे एक पोरगं होतं त्याने महिनाभर फक्त चहावाला काढला, एकच चहावाला, रोज. शेवटी त्याला पाठ झाला तो चहावाला, पण तो *त्याचा* चहावाला होता, वाकून ओतणारा, एक खांदा वर असलेला. तो कुठल्याही विषयात बसतो, बाजारात, स्टँडवर, जत्रेत. हे पाठांतर चालेल.

आणि एक. वारली चित्र फार छान, आपल्या पेठ-सुरगाण्याकडची घरंही त्याने रंगवलेली असतात, दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस तयार. पण स्मरणचित्रात अवघड माणूस टाळायचा म्हणून वारली काढू नका. तपासणाऱ्याला कळतं. डिझाइनमध्ये वापरा, तिथे ती शोभते.

माणसं कागदावर मांडताना सगळी एका रांगेत उभी करू नका, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. एक-दोन अगदी पुढे, कमरेपर्यंतच दिसणारी, मोठी. दोन मध्ये. बाकी मागे नुसते रंगाचे ठिपके. सपाट जमिनीवर सगळे उभे असतील आणि तुम्हीही उभे राहून बघत असाल तर साधारण तुमच्याएवढ्या सगळ्यांची डोकी एकाच रेषेवर येतात, जवळच्याचे पाय फक्त खाली जातात. मेनरोडवर गर्दीत उभं राहून बघा, खरंच तसं दिसतं.

डिझाइन आणि येवल्याची पैठणी

संकल्पचित्रात एखादा आकार देतात, चौकोन, वर्तुळ वगैरे, आणि तो नक्षीने भरायचा असतो. पोरं काय करतात, फूल काढतात, खऱ्या फुलासारखं, शेड देऊन. डिझाइनमध्ये फूल हे फूल नसतं, आकार असतो. हे समजायला आईची किंवा आजीची पैठणी काढायला लावा, नसेल तर येवल्याला जाऊन मागावर चाललेलं काम बघा. पदरावरच्या मोराची मान लांबून कशी गोल वळलेली दिसते, आणि जवळून बघितली तर बारीक पायऱ्या-पायऱ्यांची असते, कारण आडव्या-उभ्या धाग्यात खरी गोलाई बसतच नाही. विणकराने मोरातलं जे ठेवायचं ते ठेवलं, मान, तुरा, पिसारा, आणि बाकी सोडून दिलं. तेच आपल्याला करायचंय. मुनिया, कोयरी, असावलीची वेल, नारळी काठ, बांगडी मोर, या प्रत्येकाचं एकेक पान स्केचबुकात उतरवा. मग पेरूचं पान, बेलाचं पान, द्राक्षाची वेल घेऊन त्याचं स्वतःचं असं करून बघा. द्राक्षाचं पान डिझाइनसाठी एक नंबर आहे आणि आपल्याकडे बांधावर मिळतं.

रंग तीन-चारच ठेवा. पोस्टर कलर ताकाएवढा पातळ नको आणि श्रीखंडाएवढा घट्ट पण नको, कढीसारखा हवा, ब्रश उचलला की हळू थेंब पडेल असा. आधी मोठे भाग, सुकू द्या, मग बारीक, मग शेवटी गडद आउटलाइन, आणि सगळीकडे आउटलाइन लागतेच असं नाही. एका रंगाला पुरेल एवढा एकदाच कालवा, संपला की परत तोच रंग बापजन्मात जमत नाही.

भूमिती, अक्षरं

चित्रकला आवडणाऱ्या पोरांना हा पेपर नकोसा वाटतो, आणि मार्क मात्र इथेच सगळ्यात सरळ मिळतात कारण इथे तपासणाऱ्याला आवडलं-नाही आवडलं असं काही नसतं, बरोबर किंवा चूक. 2एच ने बारीक रचना, शेवटची आकृती गडद, आणि रचनेच्या रेघा पुसायच्या नाहीत, त्या दिसल्या पाहिजेत.

लंबवर्तुळाची दोन वर्तुळांची रीत तरी सगळ्यांना यायलाच हवी. मोठा अक्ष 100 मिलिमीटर आणि लहान 60 दिला असेल तर एकाच केंद्रावर 50 आणि 30 त्रिज्येची दोन वर्तुळं. केंद्रातून दर 30 अंशाला रेघ, बारा भाग. आता प्रत्येक रेघ दोन्ही वर्तुळांना जिथे छेदते, तिथे मोठ्या वर्तुळावरच्या बिंदूतून उभी रेघ आणि लहान वर्तुळावरच्या बिंदूतून आडवी, जिथे भेटतील तो तुमचा बिंदू. सगळे बिंदू हाताने गोलाईत जोडा. आणि बघा, हाच तो तांब्याच्या तोंडाचा लंबगोल, टोकालासुद्धा वळणारा. इंटरमिजिएटला घनभूमितीत प्लॅन-एलेव्हेशन येतं, त्यासाठी घरात खडूचे खोके, पेन्सिल, शंकूसाठी वाढदिवसाची टोपी घेऊन वरून आणि समोरून बघा, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर कळतं.

अक्षरलेखनात देवनागरी काढताना शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा सोडायला विसरतात. 'नाशिक' लिहायचं म्हटलं तर वेलांटी कुठे जाणार? वरच्या चौकटीत आपटते. म्हणून अक्षराच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश वर आणि तेवढीच खाली, आधी रेघा आखून घ्या. अक्षरांमधलं अंतर पट्टीने सारखं मोजू नका, डोळ्याला सारखं दिसलं पाहिजे, 'र' च्या शेजारी उघडी जागा असते तिथे पुढचं अक्षर थोडं जवळ घ्यावं लागतं.

एक रविवार पांडवलेणीला

दरवर्षी एकदा मी पोरांना घेऊन जाते. चोवीस लेणी, सगळी बघायची नाहीत, तीन नंबरचं धरायचं. व्हरांड्याच्या खाली जणू अख्खं लेणं खांद्यावर उचललंय असे यक्ष कोरलेत, त्यातला एक निवडायचा आणि अर्धा तास बसायचं. ओझं घेतलेल्या माणसाचा चेहरा, खांदे, पोट कसं होतं ते दगडात दोन हजार वर्षांपासून दिसतंय. मग खांब, त्यांच्या वरचे घटासारखे फुगीर आकार, म्हणजे परत आपला तांब्याच. सकाळी जा, ऊन तिरपं असतं तेव्हा कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट.

खाली पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. पोराने ड्रॉइंग घेतलं तर पुढे काय असं विचारणाऱ्या बाबांना मी तिथे थांबवते. 1870 ला त्र्यंबकेश्वरला जन्मलेला पोरगा 1885 ला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेला, मग बडोद्याच्या कलाभवनात, चित्रं, फोटो, छपाई, सगळं करत करत 1913 ला राजा हरिश्चंद्र. तिकडे सिनेमा शिकवत नव्हते, ड्रॉइंगच शिकवत होते.

आजच्या हिशोबाने सांगायचं तर दहावीनंतर फाउंडेशन आहे, बारावीनंतर चार वर्षांचं बीएफए आणि त्यासाठी राज्याची सीईटी. त्या सीईटीत काय असतं? वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाइन, आणि एक सामान्य ज्ञानाचा पेपर. म्हणजे आठवीत जे करताय तेच, फक्त जास्त चांगलं.

परीक्षेच्या दिवशी

आदल्या रात्री नवीन काही करू नका. पेन्सिली टोक करून ठेवा, बोर्डच्या क्लिपा तपासा, पाण्याला दोन डबे, एक धुवायला एक स्वच्छ. जुनी सुती फडकी दोन. रंगांची झाकणं घरीच एकदा उघडून बघा, पोस्टर कलरचं झाकण वाळून चिकटलेलं असतं आणि हॉलमध्ये ते दाताने उघडणारी पोरं मी बघितलीयेत. कागद हातात आला की आधी नंबर, सही वगैरे जे असेल ते.

मग पहिली पाच मिनिटं पेन्सिल उचलू नका. स्मरणचित्र असेल तर विषय वाचा आणि असं कुठे आपण स्वतः उभे होतो ते आठवा, कोण शेजारी होतं, ऊन होतं का पाऊस. कच्च्या कागदावर काडेपेटीएवढी दोन-तीन मांडणी करून बघा आणि त्यातली एक घ्या. शेजाऱ्याच्या कागदाकडे बघू नका, कॉपी म्हणून नाही हो, त्याने पाटीवाली बाई काढली असेल तर उगाच आपलाही हात तिकडे वळतो.